आधी तपासणी, मग पथ्य

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतला ग्लूटेनमुक्त आहारावरचा लेख वाचला. त्यातला एक सल्ला मात्र खटकला. पोट वारंवार बिघडत असेल तर काही आठवडे गहू बंद करून पाहा आणि बरे वाटले तर ग्लूटेन सोसत नाही असे समजा, असे लेखिका म्हणतात. मी स्वतः सिलिॲक या आतड्याच्या आजाराची रुग्ण आहे. हाच सल्ला मला एका दवाखान्यात मिळाला होता, आणि त्यामुळे माझे निदान चांगलेच लांबले.

गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नातले पोषण शोषून घेणारे आतड्याच्या अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. रक्तातल्या ज्या प्रतिपिंडांवरून हे ओळखता येते, ती ग्लूटेन पोटात जात असेल तोवरच तयार होत राहतात. गहू सोडला की काही महिन्यांत ती उतरतात, आतडेही सावकाश भरून येऊ लागते, आणि मग केलेल्या तपासणीचा अहवाल खुशाल ‘नॉर्मल’ येतो. आजार असतोच, फक्त कागदावर नसतो. नंतर खात्री करून घ्यायची तर पुन्हा कित्येक आठवडे रोज ग्लूटेन खावे लागते. ते मी केले आहे. दुसऱ्या कोणावर ती वेळ येऊ नये.

म्हणून सिलिॲकसाठी चांगला डॉक्टर कोण, असे मला कोणी विचारले तर मी पदव्या किंवा दवाखान्याची पाटी सांगत नाही. ‘सध्या गहू खाता ना? तपासण्या होईपर्यंत बंद करू नका,’ असे जो पहिल्याच भेटीत म्हणतो, त्याला हा आजार माहीत आहे असे खुशाल समजावे.

पुढची परीक्षा चिठ्ठीवर होते. रक्तातली ती प्रतिपिंडे मोजणारी मुख्य तपासणी म्हणजे टीटीजी-आयजीए. पण काहींच्या शरीरात आयजीए हे प्रतिपिंडच मुळात फार कमी असते आणि सिलिॲकच्या रुग्णांत असे लोक इतरांपेक्षा जास्त सापडतात. त्यांची ही तपासणी आजार असूनही निर्दोष येते. म्हणून जाणकार डॉक्टर सोबत एकूण आयजीए मोजायला सांगतो आणि ते कमी निघाले तर आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडावर आधारित तपासणी करतो. रक्त सदोष आले की मोठ्यांमध्ये सहसा दुर्बिणीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून नमुने घेतात. झीज सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे एखाद-दुसरा तुकडा पुरत नाही, निदान चार-पाच तरी लागतात. ‘दुर्बिणीतून सगळे छान दिसले, म्हणून नमुना घेतला नाही’ हे वाक्य ऐकलेले रुग्ण मला भेटले आहेत. या आजारात आतडे वरवर छान दिसू शकते! लहान मुलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार टीटीजी कमाल मर्यादेच्या १० पट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या रक्तनमुन्यातली ईएमए ही आणखी एक प्रतिपिंड-तपासणीही सदोष आली, तर दुर्बिणीशिवाय निदान करता येते.

जनुकीय तपासणीबद्दल मात्र बराच घोळ दिसतो. एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ सापडले म्हणजे सिलिॲक झाला, असे सांगणाऱ्यापासून लांब राहावे. हे जनुकप्रकार साधारण तीसचाळीस टक्के लोकांत असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. ही तपासणी उपयोगी पडते ती उलट्या बाजूने. दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ बाद होतो.

डॉक्टर पोटविकारतज्ज्ञच हवा का? निदान पक्के करायला हवाच. पण पहिली शंका घेणारा कोणीही असू शकतो, कारण पुष्कळ रुग्णांचे पोट मुळी दुखतच नाही. लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा रक्तक्षय, वयाच्या मानाने ठिसूळ झालेली हाडे, पुन्हा पुन्हा येणारे तोंडातले फोड, मूल न होणे, वाढ खुंटणे, कोपर-गुडघ्यांवर उठणारे खाजरे पुरळ, यांतल्या कशावरूनही ज्याला सिलिॲक आठवतो, तो घराजवळचा साधा डॉक्टर मला मोठ्या नावापेक्षा मोलाचा वाटतो.

आणि खरा कस लागतो तो निदानानंतर. ‘ग्लूटेन बंद, आयुष्यभर’ एवढे सांगून फाईल मिटणारे डॉक्टर थोडेथोडके नाहीत. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाचा या आजाराशी असलेला संबंध १९५० मध्ये आपल्या प्रबंधात मांडला, आणि आजही उपचार तोच आहे: पथ्य. (ग्लूटेन पचवणारी म्हणून विकली जाणारी गोळी पथ्याची जागा घेत नाही. ती लिहून देणाऱ्याला सरळ नमस्कार करावा.) औषध नाही म्हणून डॉक्टरचे काम संपत नाही. सिलिॲक जाणणाऱ्या आहारतज्ज्ञाकडे त्यानेच पाठवायला हवे, कारण ग्लूटेन सॉसमध्ये, औषधाच्या गोळीत, एकाच तळणीच्या तेलात कुठेही लपलेले असते. टीटीजी पुन्हा तपासून ते उतरते आहे का, हे पाहायला हवे. लोह, बी-१२, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व, थायरॉईड आणि हाडांची घनता यांची चौकशी हवी. आईवडील, भावंडे, मुले यांची तपासणी तर त्याने आपणहून सुचवली पाहिजे. हा आजार जगात साधारण शंभरात एकाला असतो, पण रुग्णाच्या इतक्या जवळच्या नात्यात त्याची शक्यता दहात एकाच्या आसपास जाते.

काटेकोर पथ्य पाळूनही त्रास गेला नाही, तर डॉक्टर काय करतो तेही पाहावे. ‘तुम्ही चोरून खात असाल’ किंवा ‘हे मनाचे खेळ आहेत’ ही दोन्ही उत्तरे आळशी आहेत. आधी लपलेले ग्लूटेन शोधावे. मग दुधातली साखर पचत नाही का, लहान आतड्यात जिवाणू वाढलेत का, मोठ्या आतड्याला सूक्ष्म सूज आहे का, हे पाहावे. कधी मूळ निदानच पुन्हा तपासावे लागते. ‘मला वाचून सांगावे लागेल’ म्हणणाऱ्या डॉक्टरांवर माझा विश्वास त्या वाक्यामुळे वाढला, कमी झाला नाही.

अशा डॉक्टरचा पत्ता आहारतज्ज्ञांना आणि जुन्या रुग्णांना ठाऊक असतो. मात्र त्यांना ‘डॉक्टर कसे आहेत?’ असे विचारू नये, ‘चांगले आहेत’ एवढेच उत्तर मिळते. ‘निदानानंतर वर्षभराने त्यांनी तुम्हाला परत बोलावले का?’ असे विचारावे.

पुरवणीच्या पुढच्या अंकात ‘तपासणीआधी गहू सोडू नये’ एवढी दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही विनंती. लेख वाचून ज्यांनी गहू आधीच सोडला असेल त्यांनी सोडल्याची तारीख लिहून ठेवावी आणि लगेच डॉक्टरांना सांगावी. थोडेच दिवस झाले असतील तर प्रतिपिंडे अजून रक्तात सापडू शकतात. जास्त काळ लोटला असेल तर जनुकीय तपासणी आधी करून घेता येते, कारण तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. गहू पुन्हा सुरू करायचा का आणि किती, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आपली,
एक नियमित वाचक