दाभोलकरांना आदरांजली वाहताना त्यांचा कायदाही वाचावा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

२० ऑगस्ट जवळ आला की वृत्तपत्रांत डॉ. नरेंद्र दाभोलकरांविषयी लेख येऊ लागतात. बहुतेक लेख २०१३ मध्ये याच दिवशी झालेल्या त्यांच्या हत्येभोवती फिरतात. पुण्यातला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल, सकाळची वेळ, रेंगाळलेला तपास, मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना दिलेली जन्मठेप आणि तिघांची झालेली निर्दोष मुक्तता. हे लिहिले गेलेच पाहिजे. पण वाचकाला दाभोलकर कसे गेले हे पाठ झाले आहे आणि त्यांनी आयुष्यभर कशासाठी खस्ता खाल्ल्या, त्यातून आपल्या हाती काय आले, हे मात्र फारसे ठाऊक नाही. ती उणीव थोडी भरून काढण्यासाठी हे पत्र.

दाभोलकर मूळचे साताऱ्याचे. जन्म १ नोव्हेंबर १९४५ चा, दहा भावंडांतले धाकटे. मिरजेतून डॉक्टर झाले, साताऱ्यात व्यवसाय केला, कबड्डीत शिवछत्रपती पुरस्कार मिळवला. बाबा आढावांच्या ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळीत ते होते. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि १९९८ पासून अखेरपर्यंत ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादकपद सांभाळले. ते स्वतः नास्तिक होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. पण संघटनेत येणाऱ्याने देव सोडलाच पाहिजे, अशी अट त्यांनी घातली नाही. समितीची चतुःसूत्री त्यांच्या सभांना गेलेल्या कुणालाही आठवेल. शोषण आणि दिशाभूल करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार आणि अंगीकार, धर्माची विधायक चिकित्सा आणि समाजपरिवर्तनाच्या व्यापक चळवळींशी नाते. या चारांत देवाला विरोध कुठेही नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे तर राज्यघटनेच्या ५१-क कलमाने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्यच ठरवले आहे, आणि ते कलम दाभोलकर सतत पुढे ठेवत.

हीच भूमिका जादूटोणाविरोधी कायद्याच्या शब्दाशब्दांत उतरली आहे. म्हणून दाभोलकर समजून घ्यायचे तर हा कायदा वाचावा, असे आमचे ठाम मत आहे. हा विषय १९९५ मध्ये विधान परिषदेत आला. २००५ मध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केले, पण ते परिषदेतून पार पडले नाही आणि पुढे बारगळले. दरम्यान मसुदा कितीदा बदलला! ‘अंधश्रद्धा’ हा शब्दच नावातून गेला, कलमे कमी झाली, वारकरी आणि इतरांच्या आक्षेपांवर अपवाद घातले गेले. अनेकांना ही माघार वाटली. आम्हाला तसे वाटत नाही. जे उरले ते न्यायालयात टिकेल असे उरले. अध्यादेश मात्र निघाला तो दाभोलकरांची हत्या झाल्यानंतरच्या आठवड्यात, आणि डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला.

या कायद्याला बारा बाबींची अनुसूची, म्हणजे गुन्हा ठरणाऱ्या कृतींची यादी, जोडलेली आहे. शिक्षा किमान सहा महिने, कमाल सात वर्षे. दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. अनुसूचीत एकाही धर्माचे नाव नाही. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन, दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन, शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान न करणारी घरातली वा प्रार्थनास्थळातली पूजाअर्चा, मुलांचे कान-नाक टोचणे, जैनांचे केशलोचन, वास्तुशास्त्र आणि ज्योतिषाचा सल्ला, हे सगळे स्पष्ट शब्दांत कायद्याबाहेर ठेवले आहे. त्यामुळे ‘या कायद्याने सत्यनारायणही बंद होईल’ असे आजही कुणी सांगत असेल, तर त्याने कायदा वाचलेला नाही.

तक्रारदाराने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. हा कायदा मनातल्या समजुतीला हात लावत नाही, कृतीला लावतो. त्यातल्या बहुतेक बाबींना दोन टोके आहेत, एक दावा आणि दुसरी त्यातून झालेली इजा, लूट किंवा दहशत. नुसता चमत्काराचा दावा पुरत नाही. त्यातून पैसे मिळवले, लोकांना फसवले किंवा घाबरवले, हे दिसावे लागते. अंगात अतींद्रिय शक्ती आली म्हणणे पुरत नाही. त्यातून इतरांच्या मनात भीती निर्माण केलेली असावी लागते किंवा ‘माझे ऐकले नाही तर वाईट परिणाम होतील’ अशी धमकी त्याला जोडलेली असावी लागते. तक्रारी कोसळतात त्या बहुतेक याच जागी. ‘अमुक बाबा भोंदू आहे, लोकांना फसवतो, कारवाई व्हावी’ असा अर्ज ठाण्यात जातो, अधिकारी विचारतो की गुन्हा कोणता, आणि अर्जात त्याचे उत्तर नसते. बाबाला विशेषणे लावण्यात कागद घालवू नये. त्याने कोणत्या तारखेला, कुठे, कोणासमोर, काय केले आणि किती रुपये घेतले, हे लिहावे. ते अनुसूचीतल्या कितव्या बाबीत बसते, तेही नमूद करावे. भूत उतरवण्याच्या बहाण्याने साखळीने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी, चप्पल भिजवलेले पाणी पाजणे, तापलेल्या वस्तूचे चटके, हे पहिल्या बाबीत येते. एखाद्या बाईने करणी केली, तिच्यामुळे गाई-म्हशी आटल्या, असे जाहीर करून तिचे जगणे हैराण करणे सहाव्यात. जारणमारणाच्या नावाखाली मारहाण, नग्न धिंड किंवा रोजच्या व्यवहारावर बंदी सातव्यात. गर्भाचे लिंग बदलून देतो म्हणणे दहाव्यात. दैवी शक्तीच्या नावाने लैंगिक शोषण अकराव्यात.

नवव्या बाबीविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे माणसे मरतात. कुत्रा, साप किंवा विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे असा हा गुन्हा आहे. गुन्ह्याचे मर्म रोखण्यात आहे. त्यामुळे ‘दवाखान्यात नेऊ नका’ हे कोण म्हणाले, किती वाजता म्हणाले आणि ते कोणी ऐकले, हे फिर्यादीत आलेच पाहिजे. मांत्रिकाचे यश कशावर उभे असते तेही गावागावांत सांगायला हवे. धामण, दिवड, कवड्या अशा बिनविषारी सापांचे दंश पुष्कळ असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष टोचले जातेच असे नाही. अशी माणसे एरवीही वाचलीच असती. श्रेय मंत्राला जाते आणि पुढचा नाग-मण्यारचा रुग्णही त्याच ओट्यावर आणला जातो. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. वेदना नाममात्र, खूण दिसेल न दिसेल अशी. काही तासांत पोटात दुखते, पापण्या जड होतात, मग गिळता येईनासे होते आणि श्वास थांबतो. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवली आणि रक्त पातळच राहिले, तर डॉक्टरला उत्तर मिळते. ही चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. विषाची लक्षणे दिसली की प्रतिविषाच्या साधारण ८ ते १० कुप्यांनी सुरुवात करतात. दंश झालेला भाग कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. हात-पाय फळीच्या आधाराने स्थिर करून १०८ ला फोन करावा. कुत्र्याचे प्रकरण याहून फसवे, कारण रेबीजची लक्षणे दिसायला आठवडे, कधी महिनेही लागतात आणि तोवर गंडा बांधणाऱ्यावर सगळ्यांचा विश्वास बसलेला असतो. लक्षणे दिसल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लस सुरू करणे, हाच मार्ग आहे.

तक्रार कोणी करायची, यावरही गोंधळ आहे. कायद्यात पीडित व्यक्ती किंवा तिच्या कुटुंबातील व्यक्तीच्या तक्रारीचा उल्लेख आहे. शिवाय पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे आणि असे प्रकार स्वतः शोधणे, रोखणे व ठाण्याला कळवणे हे त्याचे कर्तव्य आहे. झडती आणि जप्तीचे अधिकारही त्याला आहेत. म्हणून कार्यकर्त्याने फिर्यादी म्हणून स्वतःचे नाव पुढे करण्यापेक्षा कुटुंबातल्या एका व्यक्तीला उभे करावे. ते शक्यच नसेल तर दक्षता अधिकाऱ्याला लेखी माहिती देऊन पोच घ्यावी. ठाण्यात अदखलपात्र नोंद करून बोळवण होत असेल तर ती स्वीकारू नये, कारण गुन्हा दखलपात्र आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. ती ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवावी आणि त्यानेही हलले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे.

पुराव्याचे काम त्याच दिवशी करावे लागते. चटके, वळ, उपटलेले केस यांची नोंद सरकारी रुग्णालयात लगेच व्हायला हवी, कारण आठवड्याने गेले तर वळ उरत नाहीत. रोख दिलेल्या पैशांची पावती कधीच नसते, पण आता अनेक दरबारांत यूपीआयने पैसे घेतात आणि बँकेचे विवरण हा चांगला पुरावा ठरतो. मोबाईलवरचे चित्रीकरण व्हॉट्सॲपवर फिरवून मूळ फाइल पुसून टाकू नये. मूळ फोन जपून ठेवावा, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालचे प्रमाणपत्र जोडावे. धागे, राख, हाडे, छापील पत्रके पंचनाम्यातूनच जप्त व्हावीत. कुणी उत्साहाने ती आधीच उचलून आणली की न्यायालयात त्यांचे मोल उरत नाही. आणि फिर्याद फक्त या कायद्याखाली नोंदवून थांबू नये. फसवणूक, मारहाण, लैंगिक अत्याचार यांची भारतीय न्याय संहितेतली कलमे आणि पीडित अल्पवयीन असेल तर मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा, हे सोबत लागले पाहिजे.

एवढे करूनही खटले पडतात ते साक्षीदार फिरल्यामुळे. याचे कारण कडवट आहे. बहुतेक वेळा पीडितेला मांत्रिकाकडे नेणारा तिच्याच घरचा असतो. नवरा, सासू, मोठा दीर. तपास पुढे सरकला की तेही आरोपी होण्याची शक्यता दिसते, मग गावात बैठक बसते, पैसे परत केले जातात आणि बाई साक्षीला उभी राहून ‘मला आठवत नाही’ म्हणते. तिला दोष देऊन काय होणार? तिचा जबाब सुरुवातीलाच न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेणे, तिच्या राहण्या-खाण्याची आणि मानसोपचारांची सोय लावणे, तारखेला तिच्याबरोबर कोणीतरी जाणे, ही कामे संघटनेची आहेत. दाभोलकरांनी प्रबोधन, संघर्ष आणि रचना यांची सांगड घातली ती याचसाठी. जट, म्हणजे देवीची म्हणून राखलेला केसांचा गुंता, सोडवण्याचे उदाहरण घ्या. कात्री चालवायला फार वेळ लागत नाही. त्याआधी देवीच्या कोपाची भीती घालवायला त्या बाईशी आणि घरच्यांशी अनेकदा बोलावे लागते आणि नंतरही काही महिने संपर्क ठेवावा लागतो. नाहीतर घरात पहिले आजारपण येताच दोष कापलेल्या जटेवर जातो.

सामाजिक बहिष्काराचे प्रकरण असेल तर त्यासाठी वेगळा कायदा आहे. जुलै २०१७ पासून तो लागू असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. जातपंचायतींविरुद्धची मोहीम दाभोलकरांनी अखेरच्या वर्षात हाती घेतली होती.

आता आपल्या व्यवसायाशी संबंधित बाब. कायद्यातील ‘प्रचार’ या शब्दाच्या व्याख्येत अशा अघोरी प्रथांच्या जाहिराती छापणेही येते, आणि चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना १९५४ चा केंद्रीय कायदा आडवा येतो. अध्यादेशानंतर लगेच, सप्टेंबर २०१३ मध्ये नांदेडात नोंदला गेलेला गुन्हा दुर्धर रोग बरे करण्याच्या अशाच जाहिरातबाजीचा होता. तरीही ‘वशीकरण, करणी, सौतन मुक्ती, २४ तासांत गॅरंटी’ अशा छोट्या जाहिराती मराठीत छापून येतच असतात. सर्व संपादकांना विनंती की जाहिरात विभागाला याबाबत लेखी सूचना द्यावी, आणि ती सूचना जिल्हा आवृत्त्यांपर्यंत आणि संकेतस्थळापर्यंत पोहोचते आहे का, ते तपासावे.

येत्या २० ऑगस्टला आपण दाभोलकरांवर पान काढणार असाल तर त्यात अनुसूचीतल्या बारा बाबी सोप्या मराठीत छापा. सोबत प्रत्येक जिल्ह्याच्या दक्षता अधिकाऱ्यांची पदनामे आणि कार्यालयाचे दूरध्वनी क्रमांक द्या. ही माहिती पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे मागता येते. जिथे अधिकारी नेमलेलाच नाही असे उत्तर येईल, तिथे तीच बातमी आहे.

आपले,
अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातील काही कार्यकर्ते, सातारा