उपचार थांबवण्याच्या निर्णयांचा अहवाल जाहीर व्हावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इच्छामरणाचा विषय निघाला की आपल्याकडे ते द्यावे की न द्यावे, यावरच वाद रंगतो. परवानगी दिल्यावर लक्ष कोणी ठेवायचे, हे मात्र कुणी विचारत नाही. मला तोच प्रश्न कळीचा वाटतो.

नेदरलँड्समध्ये २००२ पासून कायदा आहे. अशा प्रत्येक मृत्यूची खबर डॉक्टरने द्यायची आणि कायदेतज्ज्ञ, डॉक्टर व नीतिशास्त्राचा जाणकार यांच्या समितीने ती तपासायची, अशी तिथली रीत. २०२३ मध्ये ९,०६८ मृत्यूंची नोंद झाली. समितीच्या वार्षिक अहवालात हा आकडा कुणालाही वाचता येतो.

तिथलेच २०१६ मधले एक प्रकरण मनातून जात नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या ७४ वर्षांच्या बाईंनी पूर्वी इच्छा लिहून ठेवली होती, पण मजकूर संदिग्ध होता. डॉक्टरबाईंनी त्यांना न सांगता कॉफीत गुंगीचे औषध घातले. इंजेक्शन देताना त्या आजारी बाई उठू लागल्या, तेव्हा घरच्यांनी त्यांना धरून ठेवले. समितीने ताशेरे ओढले, खटला चालला आणि २०१९ मध्ये डॉक्टर निर्दोष सुटल्या. निकाल पटो न पटो, बंद दाराआड घडलेले देशासमोर आले. अर्थात तिथे तपास होतो तो मृत्यूनंतर आणि डॉक्टरनेच कळवल्यावर. त्यामुळे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याची पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. तिथे आधी सरकारी परवाना लागतो, शिवाय स्वतंत्र मंडळ प्रकरणे तपासून संसदेला अहवाल देते.

आपल्याकडे मरणासाठी औषध देणे गुन्हाच आहे. पण अनेक वर्षे बेशुद्धावस्थेत असलेल्या मुंबईच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातल्या २०११ च्या निकालाने कृत्रिम जीवनाधार काढण्याची वाट उघडली. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विल, म्हणजे शुद्धीत असतानाच ‘अखेरीस कृत्रिम उपचार नकोत’ असे लिहून ठेवलेले इच्छापत्र, मान्य केले आणि २०२३ मध्ये नियम सोपे केले. आता डॉक्टरांची दोन मंडळे मत देतात आणि रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते. चांगली व्यवस्था आहे, पण वर्षभरात महाराष्ट्रात असे किती निर्णय झाले, किती नाकारले गेले, हे नागरिकाने कुठे पाहायचे?

मी अतिदक्षता विभागात परिचारिका होते. पैसे संपले की नातेवाईक ‘आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत’ असे लिहून सही करत. अॅम्ब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत रुग्णाला रुग्णवाहिकेत चढवायचे आणि घरी पोचल्यावर श्वासाची नळी काढायची. केसपेपरवर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ एवढीच ओळ उरे. त्या माणसाची इच्छा काय होती, हे कुठल्याच मंडळाने विचारलेले नसे. गरिबाच्या घरात हे सर्रास होते, याची मला आजही चीड येते.

राज्य सरकारने निर्णयात सहभागी नसलेल्यांची स्वतंत्र समिती नेमावी आणि नावे वगळून जिल्हावार आकडे दरवर्षी विधिमंडळात मांडावेत. सल्ल्याविरुद्ध घरी नेलेले अत्यवस्थ रुग्णही त्यात मोजले जावेत.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा