वाळका ओलांडा कापून पाहा

मा. संपादक,

द्राक्ष छाटणीचा हंगाम आला की आपल्या शेतीच्या पानावर डाऊनी, भुरी, करपा या रोगांवरच्या फवारण्यांचे वेळापत्रक येते. ते आम्हाला उपयोगी पडते. पण लाकडात शिरून झाड वाळवणाऱ्या बुरशीवर मी त्यात कधी धड चार ओळी वाचल्या नाहीत. इकडे आमच्या जालना भागातल्या जुन्या बागांत दरवर्षी झाडे मरून नव्या तुटाळी, म्हणजे मोकळ्या जागा, पडत आहेत.

झाड वाळले की कारण ठरलेले असते: पाणी कमी पडले, खोडकिड्याने खाल्ले, नाहीतर सूत्रकृमी. माझा आग्रह आहे, आधी वाळका ओलांडा, म्हणजे खोडापासून तारेवर आडवी नेलेली जाड फांदी, करवतीने आडवा कापा. खोडकिडा असेल तर आत पोखरलेली नळी आणि भुसा सापडतो. बुरशी असेल तर पांढऱ्या लाकडात कलिंगडाच्या फोडीसारखा तपकिरी, कडक त्रिकोण दिसतो, टोक गाभ्याकडे. शेजारच्या थॉमसन जातीच्या द्राक्षबागेत आम्ही हा डाग मागे मागे कापत गेलो. तो अंगठ्याएवढ्या जाडीच्या एका जुन्या छाटणीच्या जखमेपाशी जाऊन पोचला.

बुरशी शिरते ती मुख्यतः अशा जखमांतूनच. युरोपात वेल वर्षातून एकदा छाटतात, आपण एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरात फळछाटणी अशी दोनदा छाटतो. त्यात परतीचा पाऊस झाला की वाळक्या लाकडावरचे बीजाणू सुटतात आणि ताज्या जखमांवर पडतात. अशा बुरश्यांतली लासिओडिप्लोडिया ही उष्ण हवेतली बुरशी; आंब्याच्या फांद्याही तीच वाळवते. पाण्याच्या ताणाने खचलेल्या झाडात तिचे फावते. 2012-13 च्या दुष्काळात टँकरवर बागा जगवलेल्यांना ताण म्हणजे काय ते सांगायला नको.

एकदा ती लाकडात मुरली की फवारणी तिथवर पोचत नाही. मग डाग संपतो त्याच्या खाली निदान 10 सेंटिमीटर निरोगी लाकडात कापून नवी फूट वर न्यायची. पण काप कलमाच्या जोडाच्या वरच हवा, नाहीतर खालचा डॉगरीजचा खुंटच फुटेल. त्यापेक्षा छाटणीच्याच दिवशी मोठ्या जखमांना बोर्डो पेस्ट लावणे कितीतरी स्वस्त: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. छाटणीच्या टोळीची मजुरी झाडावर ठरते, तिला पेस्टसाठी थांबायला परवडत नाही. डबा आणि ब्रश घेऊन मालकानेच मागे फिरावे. आणि सरपण म्हणून बांधावर रचलेले जुने ओलांडे कृपया बागेपासून लांब न्या, तिथूनच बीजाणू परत येतात.

पुण्याजवळच्या मांजरी गावचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि परभणीचे कृषी विद्यापीठ यांनी मराठवाड्यातल्या वाळलेल्या झाडांचे नमुने एकत्र तपासावेत. आपणही खरड छाटणीच्या आधी कापलेल्या लाकडाचे रंगीत फोटो पानभर छापावेत, ही विनंती. शेतकरी ते कापून शेडमध्ये लावतील.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, जि. जालना