कोंबडखताचा हिशेब स्फुरदावर करा

मा. संपादक,

आपल्या शेती पुरवणीतला कोंबडखतावरचा लेख वाचला. त्यात सांगितलेले गुण खरे आहेत. पण ‘सेंद्रिय आहे, कितीही टाका, अपाय नाही’ हा त्यातला सूर खटकला. असल्याच सल्ल्यावर विसंबून मी एकदा शेडमधून थेट उचललेले ताजे लिटर (विष्ठेसह शेडमधले अंथरूण) वाफ्यात पसरले आणि दोन दिवसांनी रोपे लावली. आठवडाभरात पानांच्या कडा करपल्या, निम्मी रोपे गेली. जुनी माणसे या खताला ‘गरम’ म्हणतात ते उगीच नाही. त्यातला अमोनिया आणि क्षार कोवळ्या मुळांना सोसत नाहीत.

कोंबडखत म्हणजे नुसती विष्ठा नव्हे. त्यात शेडमध्ये अंथरलेला भुसा किंवा तूस, सांडलेले खाद्य आणि पिसे असतात. ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या, लिटरमध्ये साधारण तीन टक्के नत्र (नायट्रोजन), जवळपास तितकेच स्फुरद (फॉस्फरस) आणि दोन-अडीच टक्के पालाश (पोटॅश) सापडते. शेणखताच्या मानाने हे कितीतरी जास्त. वर्षानुवर्षे बेताने घातले तर सेंद्रिय कर्ब वाढतो, माती भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते, गांडुळे परततात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असते. त्यातले बरेचसे विष्ठेत उतरते, म्हणून या लेयर कोंबड्यांच्या खताने आम्ल जमिनीचा सामू (पीएच) सुधारतो. जमीन मुळातच चुनखडीची असेल तर मात्र हा गुण काही कामाचा नाही.

खरी अडचण नत्र आणि स्फुरद यांच्या प्रमाणात आहे. एखाद्या तृणधान्याला हेक्टरी १२० किलो नत्र आणि ६० किलो स्फुरद लागते असे धरू. कोंबडखतातले सगळे नत्र पहिल्याच हंगामात मिळत नाही, ढोबळमानाने निम्मे मिळते. म्हणजे नत्राची गरज एकट्या कोंबडखतातून भागवायची तर हेक्टरी आठ टन खत लागेल. त्या आठ टनांबरोबर २४० किलो स्फुरद जमिनीत जाते. पिकाला हवे होते ६०. उरलेले १८० किलो कुठे जाते? नत्रासारखे ते हवेत उडत नाही, पाण्याबरोबर सहजी खाली झिरपतही नाही. ते मातीच्या वरच्या थरात साठते, आणि पुढच्या वर्षी आपण पुन्हा आठ टन टाकतो. पीक जोमदार दिसत असल्याने कुणाला शंकाही येत नाही.

साठलेले स्फुरद पावसात मातीबरोबर आणि वाहत्या पाण्यात विरघळून ओढ्यात, तळ्यात उतरते. तिथे शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या काठी कुक्कुटपालन दाटले, तिथल्या पाण्याची ही तक्रार जुनी आहे. शेवटी मेरीलँड राज्याला २०१५ मध्ये, जिथल्या मातीत स्फुरद आधीच जास्त आहे तिथे खतावर मर्यादा घालणारे नियम आणावे लागले. खत सेंद्रिय होते म्हणून त्या पाण्याने काही सूट दिली नाही.

म्हणून मात्रा स्फुरदावर ठरवावी आणि कमी पडणारे नत्र द्विदल पिकांतून किंवा दुसऱ्या खतातून भागवावे. त्याआधी माती तपासावी, जमल्यास खतही. बॅच बदलली, अंथरूण बदलले, ढीग पावसात भिजला की आकडे बदलतात. अहवालात स्फुरद आधीच भरपूर निघाले तर दोन-तीन वर्षे कोंबडखताला सुट्टी द्यावी. क्षारता वाढलेल्या जमिनीत तर हात फारच आखडता घ्यावा. खाद्यातून येणारे तांबे आणि जस्तही असेच साठत जाते. पिकाला ते ग्रॅममध्ये लागते, आपण किलोने टाकतो.

ताजे खत वापरूच नये, असे आता माझे मत झाले आहे. कुजवताना ढिगाचे तापमान ५५ अंशांच्या वर निदान पंधरा दिवस टिकावे आणि त्या काळात ढीग चार-पाच वेळा पलटावा, तेव्हा साल्मोनेलासारखे जंतू बऱ्यापैकी मरतात. नुसता ताडपत्रीखाली सहा महिने पडलेला ढीग म्हणजे कुजलेले खत नव्हे. कुजवताना काही नत्र उडते हे खरे, पण रोपे करपण्यापेक्षा ते परवडते. शेतात पसरल्यावरही खत लगेच मातीत मिसळावे. नाकाला झोंबणारा तो वास म्हणजे आपले नत्रच हवेत चाललेले असते. आणि मेलेल्या कोंबड्या ढिगात टाकण्याची सवय सोडावी. असे खत पसरलेल्या कुरणात चरणाऱ्या जनावरांना बोट्युलिझमची (जिवाणूंच्या विषाने अंग लुळे पाडणाऱ्या रोगाची) बाधा झाल्याची उदाहरणे आहेत.

आपल्या लेखात ‘एकरी दोन ट्रॉली’ असे प्रमाण दिले आहे. ट्रॉली केवढी, खत ओले की कोरडे, ब्रॉयलरचे की लेयरचे, यातले काहीच त्यात नाही. पुढच्या अंकात निदान वजनातले प्रमाण आणि त्यासोबत मातीतल्या स्फुरदाची पातळी छापावी, एवढी विनंती आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक