माझी जागा ‘सरेंडर’ झाली, साहेब : रेल्वेमंत्र्यांना एका बुकिंगवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
मा. रेल्वेमंत्री,
रेल भवन, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार.

मी मुंबईच्या उपनगरी लाइनीवर 32 वर्षं बुकिंग क्लार्क होतो. निवृत्त झालो त्या दिवशी बुकिंग ऑफिसात शाल-श्रीफळ झालं, समोसे आले, स्टेशन सुपरिंटेंडंट (एसएस) साहेब दोन शब्द बरे बोलले. पुढे महिन्याभरात एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, “काका, तुमची पोस्ट सरेंडर झाली.” रेल्वेच्या बोलीत जागा रद्द करण्याला सरेंडर म्हणतात. मराठीत त्याला शरण जाणं म्हणतात. माझी जागा कुणाला शरण गेली ते काही मला अजून समजलेलं नाही.

गंमत पुढेच आहे. मी परत त्याच बुकिंग हॉलमध्ये उभा असतो, एटीव्हीएमच्या, म्हणजे तिकिटाच्या यंत्राच्या, शेजारी. यंत्रावर तिकीट काढून द्यायला निवृत्त कर्मचारी कमिशनवर नेमतात, त्याला फॅसिलिटेटर असं भारदस्त नाव आहे. लोक मला दहाची नोट देतात, मी माझ्या स्मार्टकार्डवर तिकीट काढून त्यांच्या हातात ठेवतो. काम तेच, रांग तीच, माणूसही तोच. फक्त खुर्ची गेली, रजा गेली आणि हजेरीपटावरचं नाव गेलं. जागा ‘अनावश्यक’ होती म्हणावं, तर मग मी रोज सकाळी इथे काय करतो?

म्हणून हे पत्र. आमच्याकडे कपात कधी कात्री घेऊन येत नाही. कुणाला नोकरीवरून काढत नाहीत, तेव्हा मोर्चा निघायलाही निमित्त मिळत नाही. माणूस निवृत्त होतो, जागा भरत नाहीत, दोन-चार वर्षं ती रिकामी राहते आणि मग वर्क-स्टडीवाले, म्हणजे कुठल्या कामाला किती माणसं लागतात ते मोजणारे, येऊन म्हणतात, या जागेशिवाय तुमचं चाललंय की! चाललेलं असतं ते बाकीच्यांच्या ओव्हरटाइमवर. त्यांच्या रद्द झालेल्या विश्रांतीवर.

थोडं गणित मांडतो, बुकिंगवाल्याची सवय आहे. एक खिडकी चोवीस तास उघडी ठेवायची तर दिवसाच्या तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याच्या 21. एक माणूस आठवड्याला सहा पाळ्या करतो. म्हणजे एका खिडकीला साडेतीन माणसं, आणि हे कुणी आजारी पडलं नाही, कुणाच्या घरी लग्न निघालं नाही, कुणी ट्रेनिंगला गेलं नाही तर. म्हणूनच रेस्ट गिव्हर (दुसऱ्याच्या साप्ताहिक सुट्टीला काम करणारा) आणि लीव्ह रिझर्व्ह (रजेवरच्याच्या जागी येणारा) या जागा जुन्या लोकांनी कागदावर ठेवल्या होत्या. कपात पहिली लागते ती याच जागांना. कारण कागद बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस तर ‘जादा’ आहे. रेस्ट गिव्हर गेला की खिडकी लगेच बंद होत नाही. आधी माझ्यासारख्याची सुट्टी बंद होते.

हे एका स्टेशनाचं रडगाणं नाही. 2 जुलै 2020 रोजी, टाळेबंदीच्या काळात, रेल्वे बोर्डाने सगळ्या झोनना कळवलं होतं की सुरक्षेची, म्हणजे गाड्या सुरक्षित चालण्याशी थेट संबंध असलेली, पदं सोडून नवी पदं काढू नका आणि सुरक्षेत न मोडणाऱ्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या सरेंडर करा. 2015-16 ते 2020-21 या सहा वर्षांत देशभर 72 हजारांहून जास्त पदं रद्द झाल्याच्या बातम्या 2022 मध्ये आल्या. 2023 मध्ये माहितीच्या अधिकारात उत्तर मिळालं की गट ‘क’ची, म्हणजे अधिकाऱ्यांखालच्या कर्मचाऱ्यांची, सुमारे 2 लाख 74 हजार पदं रिकामी आहेत, आणि त्यांतली 1 लाख 70 हजारांहून जास्त सुरक्षेच्या विभागातली. म्हणजे जी पदं सोडून बाकीची कापायची असं ठरलं होतं, ती तरी कुठे भरलेली होती?

आपण म्हणाल, भरती चालू आहे. आहे, मान्य. 2024 च्या जानेवारीत सहाय्यक लोको पायलटच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्याच्या मदतनिसाच्या, 5,696 जागांची जाहिरात निघाली. 17 जूनला बंगालमध्ये कांचनजंगा एक्स्प्रेसवर मालगाडी आदळली, आणि लगोलग तो आकडा 18,799 झाला. चांगलंच झालं, पोरांना नोकऱ्या लागल्या. पण साहेब, ही वाढीव तेरा हजार माणसांची गरज 16 जूनला नव्हती का? जागा रिकाम्याच होत्या. त्या दिसायला अपघात लागला. मुंबईचे मोटरमन, म्हणजे लोकल चालवणारे, याच लोको पायलटांतून बढतीने येतात, तेव्हा वर दिल्लीत नळ बंद राहिला की इथे सीएसएमटीच्या लॉबीत (मोटरमन-गार्ड ड्यूटीवर हजर होतात त्या जागी) बादली कोरडी पडते.

ती कोरडी बादली मुंबईने एकदा उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे. 9 फेब्रुवारी 2024 ला एका मोटरमनचा रूळ ओलांडताना गाडीखाली येऊन मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्याच्या साथीदारांनी अंत्यसंस्काराला जायचं ठरवलं आणि ओव्हरटाइमला नकार दिला. त्यांनी संप केला नव्हता, घोषणाही दिल्या नव्हत्या. नेमून दिलेल्या तासांपलीकडे काम करणार नाही, एवढंच. त्या दिवशी शंभराहून जास्त गाड्या रद्द झाल्या. प्रवासी चिडले, आणि चिडणारच. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच आकडा बसला. सहकाऱ्याला खांदा द्यायला माणसं गेली तर शहराची लोकल अडते, इतकी ती ओव्हरटाइमवर टेकलेली आहे. हे टेकू वेळापत्रकात छापलेले नसतात.

त्याच्या अठरा-एकोणीस दिवस आधी, 22 जानेवारीच्या रात्री, वसई आणि नायगावच्या दरम्यान सिग्नलचा बिघाड काढायला गेलेले तिघे कर्मचारी लोकलखाली सापडले. मी त्यांना ओळखत नव्हतो, पण सिग्नलवाल्यांची रात्र मला माहीत आहे. बिघाड झाला की फोनमागून फोन, गाड्या उभ्या, कंट्रोल ओरडतंय, आणि रुळांवर अंधारात दोन-तीन माणसं. पाना हातात धरणारा एक आणि येणाऱ्या गाडीवर फक्त नजर ठेवणारा दुसरा, असा नियमाचा अर्थ आहे. तो ‘फक्त नजर ठेवणारा’ वर्क-स्टडीच्या तक्त्यात रिकामा उभा दिसतो. त्या रात्री तिथे नेमकं काय झालं ते चौकशीवाले जाणोत. मी तक्त्याबद्दल बोलतोय.

आता ‘सुरक्षेत न मोडणारे’ म्हणजे आम्ही. बुकिंग क्लार्क, टीसी, उद्घोषणा करणारे, हमाल, सफाईवाले. मुंबईच्या लाइनीवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, रूळ ओलांडताना, गाडीतून पडून. एक जण पडला की काय होतं, ते रेल भवनात कुणाला पाहिजे असेल तर सांगतो. ड्यूटीवरचा डेप्युटी एसएस मेमो फाडतो, रेल्वे पोलिसांना कळवतो, स्ट्रेचर काढतो, हमाल शोधतो, 108 ला फोन लावतो. जखमीला रुळांवरून उचलून जिना चढवून बाहेर आणायचं. त्याच वेळी त्याला गाड्यांची घोषणा करायची असते, व्हीलचेअर मागणारं म्हातारं जोडपं दारात उभं असतं आणि मागची लोकल का थांबली म्हणून दहा जण अंगावर येतात. हमालाची जागा रिकामी असली की स्ट्रेचरचं दुसरं टोक कोण धरतं माहीत आहे? मी धरलेलं आहे. टीसीने धरलेलं आहे. एकदा एका भाजीवाल्याने धरलं होतं. आम्ही सगळे सुरक्षेच्या बाहेरचे.

29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद जिन्यावर 23 जण चेंगरून मेले. पाऊस आला, माणसं पुलावर थांबली, मागून गाड्या येत राहिल्या. पूल अरुंद होता हे खरं, आणि त्यानंतर लष्कराला बोलावून पूल बांधला तेही खरं. पण वरची गर्दी बघून खाली फलाटावर ‘दोन मिनिटं थांबा हो’ म्हणणारा माणूस कुठल्या पुलात बांधता येतो? स्टेशनावर वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या माणसाला गर्दीचा आवाज ओळखता येतो. रोजची कुरकुर कुठली आणि घाबरलेली कुरकुर कुठली, हे मला खिडकीच्या काचेआडूनही कळायचं.

माझा भाचा लंडनला असतो. त्याने सांगितलं की तिकडच्या भुयारी रेल्वेत 18 नोव्हेंबर 1987 ला किंग्ज क्रॉस स्टेशनात लाकडी सरकत्या जिन्याला आग लागून 31 माणसं गेली. त्यानंतर भुयारी स्टेशनांवर किमान किती माणसं हवीत हे कायद्यात लिहून ठेवलं. तरी 2013 मध्ये तिथल्या महापौरांनी भुयारी रेल्वेच्या तिकीट खिडक्या बंद करायचं जाहीर केलं. कामगारांनी 2014 च्या फेब्रुवारीत दोन दिवस शहर थांबवलं, तरी खिडक्या गेल्याच. मग 2017 च्या जानेवारीत पुन्हा संप झाला आणि कापलेल्यांपैकी 325 जागा परत द्याव्या लागल्या. पुढे 2023 मध्ये इंग्लंडभरच्या रेल्वेच्या खिडक्या बंद करायचा घाट घातला, तर साडेसात लाख हरकती आल्या आणि सरकारला तो गुंडाळावा लागला. त्या बहुतेक हरकती प्रवाशांच्या होत्या. आमच्याकडे हरकत कुठे नोंदवायची तेच प्रवाशाला ठाऊक नाही, कारण त्याची खिडकी बंद होणार असल्याचं त्याला कुणी सांगतच नाही. एक दिवस नुसती फळी लागते.

मोबाइल तिकिटाला माझा विरोध नाही. यूटीएस ॲप आलं तेव्हा हॉलमध्ये उभं राहून लोकांना ते शिकवणाऱ्यांत मी होतो. पण खिडकीवर आता कोण उरलंय ते बघा. कॉलेजचं कन्सेशन घेऊन जूनमध्ये पाससाठी तासभर उभी राहणारी पोरं. बॅटरी संपलेली नर्स. गावाहून पहिल्यांदा उतरलेला, नोट घट्ट धरलेला बिगारी. डोळ्याचं ऑपरेशन झालेली आजी. ज्यांना यंत्र जमतं ते गेले, आता ज्यांना माणूसच लागतो तेच रांगेत आहेत. आणि तुमचा तक्ता म्हणतो, तिकिटं कमी विकली जातात, माणूस कमी करा. आता एकेका गिऱ्हाइकाला आधीच्या दुप्पट वेळ लागतो हे त्या तक्त्यात कुठे भरायचं?

9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर लटकलेले प्रवासी पडले, त्यानंतर सगळ्या नव्या लोकलना बंद होणारे दरवाजे बसवायचं ठरलं. दरवाजे बंद करणार कोण? मागच्या केबिनमधला गार्ड. 2022 पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. हुद्दा मोठा झाला, पाळ्या होत्या तेवढ्याच. आणि दारात अडकलेली बॅग, अर्धवट चढलेलं पोर फलाटावरून बघायला कुणी लागणार की नाही?

आमच्या संघटनांबद्दलही लिहायला हवं, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. 6 नोव्हेंबर 2025 च्या संध्याकाळी, त्याच मुंब्रा अपघातात अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला म्हणून सीएसएमटीला गाड्या रोखल्या गेल्या. उतरून रुळांवरून चालत निघालेल्या प्रवाशांना सँडहर्स्ट रोडजवळ लोकलने उडवलं. गर्दीच्या वेळी गाडी रोखणं चूक होतं. आम्ही ज्यांच्यासाठी भांडतो म्हणतो त्यांचाच त्यात जीव गेला, आणि हे कुठल्याही बावट्याखाली झाकता येणार नाही. मी गेट मीटिंगमध्येही हेच बोललो, टाळ्या काही पडल्या नाहीत. तरी त्या संतापाचं मूळ बघा. रुळांचं काम अपुऱ्या माणसांनी करायचं, आणि काही झालं की गुन्हा खालच्यावर.

मागणं फार नाही. रिकामी जागा म्हणजे जादा जागा, हा हिशेब बंद करा. जोवर ओव्हरटाइम लागतोय तोवर ती जागा सरेंडर होऊ नये. मोटरमन-गार्डच्या प्रत्येक लॉबीत आणि प्रत्येक स्टेशनात मंजूर किती, हजर किती, हे फलकावर लावा, प्रवाशांनाही वाचता येईल असं. खिडकी बंद करायची असेल तर तीन महिने आधी नोटीस लावून हरकती मागवा. आणि उपनगरी स्टेशनावर गर्दीसमोर उभा राहणारा प्रत्येक जण सुरक्षेचा धरा, त्याची जागा कुठल्या खात्यात मोडते ते नंतर ठरवत बसा.

एक शेवटचं. आमच्या स्टेशनावर रात्रपाळीला आता एकच खिडकी असते. तिथे एक मुलगी आहे, माझ्या लेकीच्या वयाची. तिला बाथरूमला जायचं असलं की रोकड कुलपात घालायची, ‘खिडकी बंद आहे’ची पाटी लावायची आणि जायचं. तेवढ्यात गाडी येते, लोक काच वाजवायला लागतात, शिव्या देतात. परवा मी शेवटच्या गाडीपर्यंत थांबलो होतो. ती म्हणाली, “काका, पाच मिनिटं आत येऊन बसता का?” मला बुकिंग ऑफिसात पाऊल टाकायची परवानगी नाही. बत्तीस वर्षं त्याच खुर्चीवर बसलो, पण आता मी बाहेरचा. मी काचेसमोर उभा राहून लोकांना थोपवून धरलं, ती येईपर्यंत.

तिच्या शेजारची खुर्ची अजून तिथेच आहे. ती तेवढी भरा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बुकिंग क्लार्क,
डोंबिवली