पांढरीची नोंद सातबाऱ्यावर करा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

प्रवरा, गोदावरी, घोड, भीमा यांच्या काठाने चालत गेलं की काळ्या रानात मधेच एखादं पांढुरकं टेकाड दिसतं. नांगराच्या तासाला खापरं लागतात. गावकरी त्याला पांढर म्हणतात. काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. तिथं कधीकाळी माणसं नांदत होती हे भाषेनंच जपून ठेवलंय. आज हीच माती ट्रॉल्या भरभरून शेतात टाकायला आणि भरावाला नेली जाते. हे पत्र त्यासाठी आहे.

१९७४ साली श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला झुडपाचं मूळ खणताना चार भरीव ब्राँझ मूर्ती सापडल्या. बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. एकूण वजन साठ किलोहून अधिक! एवढा धातू एका ठिकाणी आणवणारी सत्ता कोणती होती? उत्तर-हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या काळातले, लोक स्वतः प्रवरेपर्यंत आले होते, की फक्त त्यांची कारागिरी आली? मूर्तींच्या काळाविषयी तज्ज्ञांचं एकमत नाही, कारण त्या शास्त्रीय उत्खननातल्या थरातून निघाल्या नाहीत. वस्तू हाती आली, पण तिच्या भोवतालची माती वाचायची राहून गेली.

माती वाचली तर काय मिळतं ते घोडकाठच्या इनामगावनं, तिथल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीनं दाखवलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथं उत्खनन केलं. पाच खोल्यांचं एक घर, त्याला लागून धान्याचं कोठार, आणि त्याच घरात चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला चाळिशीचा पुरुष. तिथं प्रौढांना पुरताना पाय घोट्यापासून तोडायची रीत होती. याचे मात्र शाबूत. धान्य कोणाच्या ताब्यात होतं आणि मान कोणाला होता, हे एका घराच्या जमिनीनं सांगितलं. ती जमीन ट्रॉलीत गेली असती तर हाती काय उरलं असतं? चार खापरं.

पण एका गावावरून राज्य कसं घडतं ते कळत नाही. जोर्वे काळात, म्हणजे तांबं आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या या शेतकरी वस्त्यांच्या काळात (नाव प्रवराकाठच्या जोर्वे गावावरून), दायमाबादची वस्ती सुमारे तीस हेक्टर होती, इनामगाव पाचेक हेक्टर, आणि बाकीची बहुतेक गावं त्याहूनही लहान. लहान गावांचं धान्य मोठ्या गावाकडे जात होतं का? समुद्रकाठचे शंख कोणत्या वाटेनं, कोणाच्या हातून आत येत होते? इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास गोदावरी-प्रवरेकडची गावं ओस पडली; भीमेच्या खोऱ्यात वस्ती आणखी तीनेकशे वर्षं टिकली, पण गरिबीत, गोल झोपड्यांत. पुढे विदर्भात नायकुंड, माहूरझरीकडे लोखंड वापरणारे, शिलावर्तुळांत मृतांना पुरणारे लोक दिसतात. या शेजाऱ्यांचा एकमेकांशी संबंध काय होता? सातवाहनांचं राज्य उभं राहीपर्यंत मधल्या शतकांत काय घडलं? मला हाच आपल्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रश्न वाटतो. त्याचं उत्तर संग्रहालयातल्या कपाटात मिळणार नाही. ते या बिननावाच्या लहान पांढरींत आहे, आणि उचलल्या जाणाऱ्या प्रत्येक पांढरीबरोबर त्या काळाच्या नकाशातलं एक गाव कायमचं पुसलं जातं.

स्मारकांसाठी १९६० चा राज्याचा कायदा आहे, पण तो संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्थळांना उपयोगी पडतो. शेताच्या मधोमध असलेल्या टेकाडाला तिथवर पोचायला वेळ लागतो, जेसीबीला एक दुपार पुरते.

म्हणून मागणी अशी : महसूल खात्याला बरोबर घेऊन गावोगावच्या पांढरी मोजाव्यात आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत करावी. अशा गटातून माती काढायचा परवाना तहसीलदारांनी पुरातत्त्व संचालनालयाला विचारल्याशिवाय देऊ नये. शेतकऱ्याची नेहमीची नांगरट, पेरणी मात्र अडवू नये. बंदी फक्त सपाटीकरणाला आणि खोल खोदाईला असावी. त्यात त्याचं नुकसान होत असेल तर ते सरकारनं भरून द्यावं, नाहीतर नोंद होण्याआधीच टेकाड सपाट होईल. सुरुवात प्रवरेच्या खोऱ्यापासून करावी, आणि ती येत्या उन्हाळ्याआधी, कारण माती रानं मोकळी झाली की उचलली जाते.

आपला नम्र,
प्रवराकाठचा एक रहिवासी