मेस्तकाका, तुम्ही आधी माणसाचं माप घेतलंत

आदरणीय मेस्तकाका,
सादर नमस्कार.

सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या कार्यक्रमात नाव पुकारलं तरी तुम्ही मंचावर आला नाहीत. मानधनाचं पाकीट परत केलंत, शाल नको म्हणालात, आणि मुलांच्या मागे उभं राहून सगळं पाहून निघून गेलात. म्हणून हे पत्र चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. 7 डिसेंबरला आमच्या विद्यार्थ्यांनी माजी सैनिकांच्या हातात ज्या लाकडी वस्तू दिल्या, त्या कोणामुळे घडल्या हे गोव्यातल्या आपल्या डिचोली तालुक्यात तरी कळायला हवं.

आठवी-नववीच्या मुलांना घेऊन मी तुमच्या सुतारकामाच्या कारखान्यात आले तेव्हा आमच्याकडे उत्साह भरपूर होता. अमेरिकेत हौशी लाकूड-कोरणारे लोक गरुडाच्या डोक्याच्या मुठीची काठी करून जखमी माजी सैनिकांना भेट देतात, हे मी मुलांना सांगितलं होतं. तेव्हापासून प्रत्येकाला काहीतरी कोरायचं होतं. तुम्ही रंधा बाजूला ठेवलात, सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "घेवपी कोण, तें सांग पयलीं." म्हणजे घेणारं कोण, ते आधी सांग. मग मुलांच्या हातात वही आणि मापाची टेप देऊन त्यांना घरोघर पाठवलंत. कोण कुठल्या हातात काठी धरतो, कोणाला खाली बसता येत नाही, पदकं कुठे ठेवली आहेत, घराच्या कुठल्या भिंतीला ओल येते, हे सगळं लिहून आणायचं. बांबोळीचं सिग्नल प्रशिक्षण केंद्र आणि दाबोळीचा 'हंस' नौदल तळ मुलांनी बसच्या खिडकीतून पाहिले होते. शेजारच्या वाड्यावरचे, सकाळी दुधाच्या रांगेत भेटणारे काका वीस वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत होते, हे मात्र त्यांना त्या वह्यांमुळे कळलं.

त्या वहीत एका सुभेदारकाकांचं पान होतं. सियाचीनवर हिमदंशाने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. आता डावा गुडघाही साथ देत नाही. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची असते, म्हणजे त्यांना ती उजव्याच हातात हवी, आणि दुकानातल्या गोल मुठीवर त्या हाताची पकड बसत नाही. गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या चित्रशाळेतून तुम्ही मातीचा गोळा आणवलात. काकांना काठी धरतात तशी त्यावर मूठ आवळायला सांगितलीत. तो ठसा वाळवून समोर ठेवलात आणि शिवणीच्या लाकडात त्या तीन बोटांची मूठ कोरून घेतलीत. कोरणारी मुलगी नववीतली होती. पटाशी तिच्या हातात आणि तुमचा हात तिच्या मनगटाजवळ, असं मी कितीतरी शनिवारी पाहिलं. काठीची उंचीही तुम्ही पायात रोजच्या चपला असताना, हात सैल सोडून, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजायला लावलीत. टोकाला रुंद रबर बसवलंत, कारण त्यांच्या अंगणातल्या चिऱ्याच्या पायऱ्या पावसात शेवाळतात. हे सगळं वहीत होतं!

पण मला सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत ते त्या बैठकीसाठी. सुरुंगाच्या स्फोटात पाय गमावलेले आमचे नाईककाका पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातून मिळालेल्या पायावर गावभर फिरतात. हे केंद्र 1944 पासून जखमी सैनिकांना पुन्हा उभं करत आलं आहे. पण चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, पाटावर बसून पूजा करणं त्यांना जमत नव्हतं. घरातला कर्ता माणूस, आणि माटोळीखाली (गणपतीच्या वर फळं-पानं बांधलेल्या लाकडी चौकटीखाली) पूजेला धाकटा भाऊ बसायचा. काका ओसरीवर खुर्ची टाकून आरतीची वाट बघायचे. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. त्यांच्या पत्नीने ती मुलांना चहा देताना सांगितली, आणि एका मुलाने ती जशीच्या तशी वहीत लिहून आणली. ते पान वाचून तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग स्वतः त्यांच्या घरी गेलात. बैठक गुडघ्याच्या घडीपेक्षा थोडी उंच ठेवलीत, म्हणजे उठताना कृत्रिम पायावर भार येणार नाही. दोन्ही बाजूंना हात लावले, पुढून टेकून उठता येईल असे. आणि नुसती बैठक करून थांबला नाहीत, तिच्या उंचीला जुळणारा चौरंगही केलात, म्हणजे ताम्हण, पळी, समई सगळं बसल्या जागी हाताशी येतं. काकांनी ती बैठक मिळाल्याबरोबर देव्हाऱ्यासमोर मांडून पाहिली, आणि येत्या चवथीला पूजेला मीच बसणार असं घरात जाहीर करून टाकलं. सैनिकांचा सन्मान या विषयावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, एक-दोन केलीही आहेत. या चौरंगाएवढा सन्मान मी दुसरा पाहिलेला नाही.

पदकांच्या पेट्यांविषयी लिहायलाच हवं, कारण त्या इतरांनाही करता येतील. बहुतेकांची पदकं कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, फिती बुरशीने डागाळलेल्या. आपल्याकडच्या पावसात दुसरं काय होणार? तुम्ही मुलांना शिकवलंत की पदक चिकटवायचं नाही, त्याची फीत कापडाला टाक्यांनी शिवायची, म्हणजे गणवेशावर लावायचं झालं तर सोडवता येतं. कापड सुती घ्यायचं, कारण लोकरीच्या फेल्टमुळे चांदी काळी पडते. काच पदकाला टेकू द्यायची नाही. पेटीच्या पाठीमागे चारही कोपऱ्यांत लाकडाचे ठोकळे मारायचे, म्हणजे ओल्या भिंतीपासून ती सुटी राहते आणि मागून हवा खेळते. फितीची रुंदी 32 मिलिमीटर धरून खणांचा हिशेब मुलांनी केला. कुठलं पदक आधी, कुठलं नंतर, हे तुम्ही त्या त्या सैनिकाकडूनच विचारून आणवलंत. त्याच फेऱ्यांमध्ये, ऐंशी ओलांडलेल्या एका आजोबांकडे मुलांनी लाल फितीचं, बारीक हिरव्या रेघांचं जनरल सर्व्हिस मेडल पाहिलं. त्यावर 'गोवा 1961' ची पट्टी होती. 19 डिसेंबरला आम्ही दरवर्षी मुक्तिदिन साजरा करतो, आणि त्या कारवाईत उतरलेला माणूस आमच्याच तालुक्यात मुलीकडे राहत होता. मुलं त्यांच्याकडे अजून जातात.

लाकडाबद्दल तुम्ही मला काही सांगितलं नव्हतं, ते तुमच्या सुनेकडून कळलं. फणसाच्या त्या फळ्या तुम्ही घरच्या नव्या देव्हाऱ्यासाठी राखून ठेवल्या होत्या. वादळात पडलेलं झाड, चिरून, सावलीत थर लावून वाळवलेलं. इंचभर जाडीला वर्ष लागतं असं तुम्हीच मुलांना शिकवता, तेव्हा त्या फळ्यांत तुमची किती वर्षं होती हे मला समजतं. पॉलिशलाही तुम्ही घाई करू दिली नाहीत. दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढरं पडतं, म्हणून पाऊस पूर्ण सरेपर्यंत थांबवलंत, आणि काठ्यांच्या मुठींना नुसतं बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, लावायला सांगितलंत, घाम आला तरी हात घसरू नये म्हणून.

माजी सैनिकांना आपण शाली आणि स्मृतिचिन्हं देतो, त्यामागचा आदर खराच असतो. तरीही माझं आता स्पष्ट मत झालं आहे की द्यायचं असेल तर आधी त्यांच्या घरी जावं, बसावं, विचारावं. तुम्ही मुलांना सुतारकाम शिकवलंत त्याहून हे जास्त शिकवलंत. माझ्या वर्गातला जो मुलगा कोणाशी बोलत नसे, तो आता सुभेदारकाकांच्या काठीचं रबर झिजलं का ते महिन्यातून एकदा बघून येतो.

आता एक विनंती. गावातल्या एका वीरपत्नीने मुलांकडे एक पेटी मागितली आहे. पतीची पत्रं, पेन्शनची कागदपत्रं आणि त्यांची टोपी, तिन्ही एकत्र राहतील अशी. मुलांनी मापं घेतली आहेत, टोपीची उंचीही. घेणारं कोण हे तुम्ही विचारायच्या आधीच त्यांनी पान भरून लिहून ठेवलं आहे. या वेळी लाकूड मात्र आम्ही पालकांच्या वर्गणीतून विकत आणणार आहोत, त्याला नाही म्हणू नका. येत्या शनिवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही सगळे येतो.

आपली ऋणी,
मुलांची बाई
डिचोली